मागून मारलेली हाक

फाल्गुनातल्या कोल्हारला स्वतःचा एक वास असतो. गाळप संपत आलेल्या कारखान्याकडून वाऱ्यावर येणारा मळीचा आंबूस-गोड वास आणि त्यात मिसळलेला जळक्या पाचटाचा धूर. मावशीचे यजमान, आमचे काका, गेले त्या सकाळीही तो अंगणभर दाटला होता, आणि आजही कुठे तसा वास आला की मला मावशीचा आवाज ऐकू येतो. यंदाच्या फाल्गुनात मात्र तो आवाज मला सावेडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, फिरत्या पंख्याखाली, सॅक्सोफोनच्या संगतीने ऐकावा लागला. तेव्हापासून माझं डोकं जे तापलं आहे ते काही केल्या निवत नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्याचं बोलणं, त्याने बांधावर लावलेली झाडं, सकाळी अर्धाच प्यालेला चहा, सगळं त्या लांबवलेल्या सुरात ओवलं जातं, आणि ऐकणाऱ्या बायका रडणारीला पुढच्या श्वासापर्यंत सावरून धरतात. मावशीही तशीच रडत होती, आणि रडता रडता तिने काकांना नावाने हाक मारली. ‘भानुदासा रंऽऽ’ अशी, एकेरी. जन्मभर ‘आवं’च्या पलीकडे न गेलेली, उखाण्याचा आग्रह झाला की पदर तोंडाशी धरून आत पळणारी माझी मावशी! ती हाक त्या दोघांमधली होती. आम्ही तिथे होतो, एवढंच.

पण निखिलच्या खिशातला मोबाईलही तिथे होता, आणि तो चालू होता.

निखिल हा मावशीचा एकुलता एक मुलगा. पुण्यात राहतो, बेस गिटार वाजवतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या वादकांना जमवून त्याने जॅझ फ्यूजनचा एक अल्बम केला, इंटरनेटवर टाकलाही, आणि माझ्याकडचे स्पीकर चांगले म्हणून आईला कोल्हारहून घेऊन भर दुपारी माझ्याकडे आला. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, मावशीला सोफ्याच्या मधोमध बसवलं. “आई, आता हे ऐक. तुझ्यासाठी केलंय,” म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या नंबराने पास झाल्याचा आनंद होता.

आधी आफ्रिकेतलं कुठलंसं तंतुवाद्य अगदी हलक्या हाताने वाजू लागलं, मागून ढोलाचा दबका ठेका आला, सॅक्सोफोनने एक लांब, भिजलेला सूर धरला, आणि त्या सुरातून मावशी बाहेर आली. ‘भानुदासा रंऽऽ.’ तीन ठोके गेले, चौथ्यावर पुन्हा तीच हाक. पुन्हा तीन ठोके, पुन्हा हाक. मागचे-पुढचे शब्द छाटून, बायकांचे हुंदके पुसून, फक्त तेवढी हाक उचलून त्याने ती गोल फिरत ठेवली होती. सांगायला जीभ जड होते, पण ते सुंदर होतं. माझा पाय नकळत ठेका धरत होता, आणि त्यामुळेच मी जास्त पेटले. वाईट असतं तर हसून सोडून दिलं असतं. शिवाय अल्बमच्या कव्हरवर सगळ्या वादकांची नावं आणि माझ्या मावशीच्या जागी काय, तर ‘पारंपरिक स्वर’! परंपरेचा नवरा गेला होता की काय त्या सकाळी?

मी त्याला नको नको ते बोलले. विचारलं होतंस का तिला, लाज नाही वाटली का, तिरडी बांधत होते तेव्हा तुझं हे चाललं होतं का. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, “ताई, माझेही वडील गेले होते. तुम्हा बायकांना रडता येतं. मला हेच येतं.” तरी माझा राग तसूभर उतरला नाही. रडायचं तर स्वतःच्या गळ्याने रडावं माणसाने.

मावशी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती हळूच म्हणाली, “बंद कर बाळा. जानाऱ्याला मागून हाक मारू न्हाई. म्या मारली एकदा, ऱ्हावलं न्हाई म्हनून. हितं तर मी सारखीच बोलावतीया त्यांस्नी. कसं जातील ते?”

त्याने झटकन बंद केलं. मावशी त्या काळ्या स्पीकरकडे बघत राहिली आणि मग तिने, अगदी साधं काहीतरी विचारावं तसं, विचारलं, “हितलं झालं बंद. लोकांच्या घरातलं कसं व्हनार?”

निखिल मोबाईल हातात धरून नुसता बसून राहिला. काढून टाकतो, असंही म्हणाला नाही आणि नाही काढत, असंही नाही. मला तिथे थांबवेना. स्वयंपाकघरात जाऊन मी चहा ठेवला, रागारागाने साखर टाकली आणि ढवळू लागले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की चमचा पातेल्यात तीन वेळा फिरतो आहे आणि चौथ्याला माझा हात थांबतो आहे, हाकेसाठी.