सेक्रेटरींचा मोर्चा

"तोंडी नको. लेखी द्या."

गच्चीवर पापड वाळत घालायचे असोत की वरच्या पोरांच्या क्रिकेटची तक्रार असो, आमच्या डोंबिवलीतल्या इमारतीचे सेक्रेटरी हात पुढे करून एवढंच म्हणायचे. तुमच्याही इमारतीत असा एक असेलच. त्यांच्या बायकोने म्हणे एकदा वाणसामानाच्या यादीखाली सही करून दिली होती. आम्ही त्यांना पाठीमागे फार हसायचो. समोर हसायची सोय नव्हती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेने. जाड लाइन मिळावी म्हणून सेक्रेटरींनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी जिन्यातल्या फळ्यावर लिहून पाणीखात्याच्या कचेरीवर मोर्चा काढला. सात माणसं आली, त्यातली दोन चुकून.

मग केबलवाल्याने गावच्या बातम्या दाखवायला सुरुवात केली. पुढच्या मोर्चाला त्याचा कॅमेरा येणार म्हटल्यावर अख्खी गल्ली लोटली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, हंडे चिंचेने लखलखीत घासून आल्या.

"अहो, जरा तहानलेले दिसा," सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

"टीव्हीवर काय पारोसं दिसायचं?" शेजारच्या वहिनींनी विचारलं.

घोषणा दणक्यात झाल्या. साहेब मात्र मीटिंगमध्ये होते. साडेसहाला कॅमेरावाल्याने निघायचं म्हटलं, कारण सातच्या बातम्यांत मोर्चा दाखवायचा होता. मग कोण थांबतंय? मीही पळालो, खोटं कशाला सांगू? दीड सेकंद दिसलो, डोकं खाजवताना.

पुढचं आम्हाला कचेरीतल्या शिपायाने सांगितलं. साहेब बाहेर आले, तेव्हा बाकावर सेक्रेटरी एकटे बसलेले.

"काय हो, मोर्चा कुठाय?"

"घरी गेलाय, स्वतःला टीव्हीवर बघायला. मी आहे ना. लेखी द्या."

साहेबांनी वैतागून लिहून दिलं. त्या कागदावर दोन महिन्यांत जाड लाइन आली. आम्ही सगळीकडे सांगत सुटलो, टीव्हीवर आलो म्हणून पाणी आलं. सेक्रेटरींनी ते कधी खोडून काढलं नाही.

ते गेले, तेव्हा फळ्यावर लावायला त्यांचा एक धड फोटो सापडेना. म्हणून केबलवाल्याकडून मोर्चाची कॅसेट आणून सगळ्यांनी बघितली. वहिनींचा हंडा आहे, माझं डोकं आहे. सेक्रेटरी कुठेच नाहीत. लोकांना पुढे ढकलत ते मागेच राहिलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अगदी शेवटी, आम्ही सगळे पाठ फिरवून निघालेलो दिसतो, तिथे फक्त त्यांचा आवाज येतो.

"अहो, थांबा जरा. साहेब येतीलच आता."