फवारणी पंपावर लॅपटॉप लावला तेव्हा

मंडळी, आज सकाळी लाईट गेली आणि कामाचा लॅपटॉप बंद पडायला आला. माझा भाऊ म्हणाला, "ताई, फवारणीच्या बॅटरीवाल्या पंपाला यूएसबी हाय की. मोबाईल बराबर चार्ज व्हतो, मग लॅपटॉप काहून न्हाई व्हणार?"

त्याने शेतातला पंप घरात आणला. मला एकच भीती, लॅपटॉप जळेल का? जळला नाही, पण चार्जही झाला नाही. मोबाईलपुरत्या पोर्टमध्ये तेवढी ताकदच नव्हती.

मी स्क्रीनकडेच बघत होते. तेवढ्यात आई ओरडली, "अगं, लेकरू बघ!" माझी रांगती पोर पंपाची नळी तोंडाकडे नेत होती. आईने नळी हिसकावून घेतली.

पोरीचे हात साबणाने धुतले. विषाचा पंप घरात आला, आणि आम्ही फक्त लॅपटॉपला धोका आहे का एवढंच विचारलं.

तुमचा पंप आत्ता कुठे ठेवलाय?