झालेलं काम पुन्हा उघडायचं

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट होत चाललंय. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधली ही फुटकळ वाटणारी तक्रार मात्र पाठ सोडत नाही.

वडील गार्डन रीचला रेल्वेच्या कार्यालयात होते, त्यामुळे मी कोलकात्यातच वाढलो आणि बंगाल पोलिसात भरती झालो. शेवटची नेमणूक मिळाली ती सायबर ठाण्याचा प्रमुख म्हणून. कॉम्प्युटर मला कामापुरता येत होता. माझ्या हाताखाली एक तरुण बंगाली सब-इन्स्पेक्टर होती, तिला सगळंच येत होतं. डीसी साहेबांचा, म्हणजे उपायुक्तांचा, फोन माझ्या टेबलावर यायचा, पण पुढचं वाक्य ठरलेलं, "जरा तिला द्या." चहावालासुद्धा चहाचं मातीचं भांडं आधी तिच्यासमोर ठेवायचा. तेहतीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला हे झोंबतं. स्पष्टच लिहितो, मी तिच्यावर जळत होतो.

एका सकाळी एक तरुण बाई अर्ज घेऊन आल्या. इंग्रजीत सुरुवात केली, मग टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही मराठी?" परमुलखात कोणी असं विचारलं की माणूस लगेच विरघळतो. मीही विरघळलो.

एका सॉफ्टवेअर कंपनीत त्या तीन महिन्यांपूर्वी टीमच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. "काका, आमच्याकडे प्रत्येक कामाचं स्क्रीनवर एक कार्ड असतं. काम संपलं की त्याची स्थिती 'पूर्ण' करायची. पण माझ्या टीमची पूर्ण झालेली कामं रोज सकाळी परत 'काम सुरू'वर जातात. ग्राहकाला वाटतं आम्ही थापा मारतो. कार्डाच्या नोंदीत बदल करणाऱ्याचं नाव दिसतं आणि ते दर वेळी एकाच माणसाचं असतं."

तो माणूस त्यांच्याच टीममधला, पन्नाशीचा, सगळ्यांत जुना. त्याला डावलून यांना खुर्ची मिळाली होती.

हेतू हजर, नाव हजर. मी अर्जाची डायरीत नोंद केली, पंचनामा करून त्याचा लॅपटॉप ताब्यात घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर राहण्याची नोटीस बजावली. कंपनीने कळवलं होतं की गुन्हा दाखल झाला की त्याच दिवशी त्याला काढून टाकू. पन्नाशीत असा डाग घेऊन निघालेल्याला त्या धंद्यात दुसरं दार उघडत नाही. त्याची नोकरी माझ्या सहीवर होती आणि मी सही चौकशी झाल्यावर संध्याकाळी करणार होतो.

तो वेळेआधीच आला. सियालदहला लोकलने उतरून पुढे बसने, घामाने शर्ट ओला. त्याचा फोन मी खणात ठेवून खण बंद केला.

"बाईंवर जळता ना तुम्ही?" मी विचारलं.

"हो, सर," तो म्हणाला. "अठरा वर्षं झाली मला तिथे. त्यांचं नाव जाहीर झालं त्या दिवशी मला घरी घास गिळवला नाही. पण त्यांच्या कार्डांना मी हात लावलेला नाही."

खोटं बोलणारा माणूस आधी हेतू नाकारतो. हा माझाच अनुभव, नव्या पोरांना मीच शिकवायचो. त्या दिवशी तो मला आठवला नाही, कारण मला आठवायचा नव्हता.

एवढ्यात सब-इन्स्पेक्टर नोंदींचे कागद घेऊन आत आली. "सर, एक विचित्र दिसतंय. दर वेळी कार्डावर कोणीतरी काही लिहितं आणि त्याच सेकंदाला ते उघडतं. एवढे वेगवान हात कोणाचे नसतात. तिथे आपोआप चालणारे काही नियम असतील, मला ते बघायचे आहेत."

"आधी माणूस बघायचा, मग यंत्र," मी म्हणालो. "तुमची हुशारी डीसी साहेबांसाठी ठेवा."

 ती कागद टेबलावर ठेवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. समोरच्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

अकरा वाजता तक्रारदार बाईंचा फोन आला. "काका, आत्ता चार कामं परत उघडली. त्याच्याच नावाने."

मी समोर पाहिलं. तो माणूस माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. त्याचा फोन माझ्या खणात, लॅपटॉप सील करून कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

सब-इन्स्पेक्टरने हात पुढे केला. मी तिला बाईंचं बोलणं सांगितलं, फोन स्पीकरवर टाकला आणि तिच्या हातात दिला.

"मॅडम, ती उघडायच्या आधी तुम्ही काय केलंत?" तिने हिंदीत विचारलं.

"काहीच नाही. रोजच्यासारखे आभार मानले. काल ज्याने काम संपवलं त्याच्या कार्डावर मी सकाळी 'धन्यवाद' लिहिते. आमच्या घरची सवय आहे."

"आणखी एका पूर्ण कार्डावर लिहा बरं."

पलीकडे बटणं वाजली. मग बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "उघडलं."

हे ऐकून तो माणूस कपाळ धरून बसला. कार्ड आपोआप उघडण्याचा नियम त्यानेच केला होता, कित्येक वर्षांपूर्वी. पूर्ण झालेल्या कामावर ग्राहकाने तक्रार लिहिली तर ती वाऱ्यावर जाऊ नये, काम आपोआप परत उघडावं, यासाठी. फक्त ग्राहकाने लिहिलं तरच, ही अट घालायला तो विसरला होता. नियम ज्याने केला त्याचंच नाव नोंदीत उमटायचं. आणि ही चूक इतकी वर्षं कोणालाच दिसली नव्हती, कारण आधीच्या प्रमुखाने झालेल्या कामावर कधी कोणाचे आभारच मानले नव्हते.

दुपारी बाई स्वतः ठाण्यात आल्या, अर्ज मागे घेतला आणि त्या माणसाची माफी मागितली. लॅपटॉप परत घेऊन तो निघाला. जाताना सब-इन्स्पेक्टरला त्याने नमस्कार केला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, राग मानू नका. त्या सकाळीच बरोबर सांगत होत्या. तुम्ही का ऐकत नव्हतात ते मला कळत होतं. मीही तीन महिने तेच करतोय."

 संध्याकाळी मी अहवाल लिहिला. त्यात वाक्य घातलं, 'सदर बाब तपासादरम्यान माझ्या निदर्शनास आली.' सब-इन्स्पेक्टरने तो वाचला, खाली सही केली आणि "ठीक आहे, सर," एवढंच म्हणाली. डीसी साहेबांनी त्या वेळी पहिल्यांदा फोनवर मलाच शाबासकी दिली. मी ती घेतली.

हेवा कोणाला चुकलाय? तो माणूस पोलिसासमोर बसून, नोकरी टांगणीला लागलेली असताना, जळतो म्हणाला आणि त्याने बाईंच्या कामाला बोटही लावलं नव्हतं. मी माझं जळणं कोणापाशी बोललो नाही. एका निर्दोष माणसाची भाकरी जवळजवळ घालवली आणि एका पोरीचं काम माझ्या नावावर करून घेतलं.

ते प्रकरण तिने उलगडलं होतं. ठाण्याच्या दप्तरात तसं नाही, म्हणून इथे लिहितो. परवा कळलं की तिची बढती झाली, माझ्याच खुर्चीवर आता ती बसते. बातमी ऐकून चहा थोडा कडू लागला. तरी फोन लावला आणि इतक्या वर्षांचे तिचे राहिलेले आभार मानले.