पाहुण्यांच्या खोलीची कडी

माझी आत्या बंबवाली होती. सरकारी इमारतीच्या तळघरात भलामोठा बंब होता. त्याचं गरम पाणी नळांतून सगळ्या बिऱ्हाडांत फिरून घरं ऊबदार ठेवी, आणि त्या बंबावर आत्याचं राज्य होतं. शेजारीच तिची खोली, नोकरीबरोबर मिळालेली. खिडकी रस्त्याच्या पातळीला असल्यामुळे तिला माणसांऐवजी बूट दिसत. बुटांवरून ती माणूस ओळखायची, आणि त्याचं घरी भांडण झालंय का तेही सांगायची.

नदीच्या त्या काठाला आत्या, या काठाला आम्ही. मधे पूल, आणि दोन काठांवर दोन सरकारं. तिच्याकडे घर सरकार देई, आमच्याकडे बँक. तिच्याकडे डॉक्टर फुकट, पण नंबर लागेपर्यंत खोकला आपला आपण बरा होई. आमच्याकडे डॉक्टर लगेच भेटे, पण पैसे मोजून घेई, म्हणून बाबा खोकला दाबून धरत. यावरून बहीणभावाचं दर भेटीत वाजायचं.

"तुझं घर तरी तुझं आहे का गं?" बाबा विचारत.

"आणि तुझं? एक हप्ता चुकवून बघ. मोठे आले जमीनदार!"

मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होती आणि दोघंही हट्टी होती. आमच्या घराला अंगण होतं, पण थंडीत बिलाच्या धास्तीनं आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून बसायचो. आत्याच्या इमारतीत लोक भर थंडीत खिडक्या उघडत, कारण ऊब कमी करायची सोयच नव्हती! पण तिच्या दाराला आतून कडी नव्हती. बंब बिघडला तर कुणालाही केव्हाही आत येता यावं, असा नियम. म्हणून आमच्याकडे आली की ती पाहुण्यांच्या खोलीत जायची आणि कडी लावून बसायची.

"आत काय करतेस गं एवढा वेळ?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. कुणी येत नाहीये, ते बघतेय."

मग आई गेली, आणि दोन वर्षांनी बाबांचा कारखाना बंद पडला. बँकेनं घर मागितलं. माझ्या भाड्याच्या खोलीत मी, नवरा आणि पाळणा. बाबांना उभ्यानं झोपावं लागलं असतं.

आत्या तेव्हा निवृत्त झाली होती, पण खोली तिच्याकडेच राहिली होती. तिच्याकडे घर विकता येत नसे, पण अदलाबदल चाले. वरच्या मजल्यावरच्या बासरीवाल्याचे गुडघे गेले होते. त्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्याला बंबाची उबदार भिंत हवी होती, कडीबिडीचं त्याला काही नव्हतं. अडचण एकच, नव्यानं दोन खोल्या घ्यायच्या तर दोन माणसं लागत. आत्यानं कचेरीत खेटे घालून भावाला तिकडे राहायचा परवाना काढला. आता फक्त त्याची सही हवी होती.

"मी पाहुणा म्हणून येईन," बाबा म्हणाले.

"पाहुण्याला खोली मिळत नाही, राहणारा लागतो. शनिवारपर्यंत आला नाहीस तर बासरीवाला दुसरं गिऱ्हाईक बघेल. मग बस पुलावर!"

शनिवारी बाबा एक पिशवी घेऊन त्या वरच्या खोल्यांत आले, मीही बरोबर होते. मला तर हायसं वाटलं. सहीचा माणूस यायचा होता. बाबांनी नळ सोडला, गरम पाण्याखाली हात धरले, आणि आत्या दिसताच चटकन बंद केला.

"किती पडतं गं याचं?"

"काही पडत नाही. राहू दे चालू."

बाबांनी पुन्हा नळ सोडला आणि तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही.

सही झाली. आत्या म्हणाली, "आतली खोली तू घे. तुला दार लावून झोपायची सवय."

बाबांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत आमच्या पाहुण्यांच्या खोलीची पितळी कडी होती, स्क्रूंसकट.

"अरे, बँकेची ना ती?"

"बँकेनं घर मागितलं. कडीचं कुणी बोललं नाही."

त्यांनी ती आतल्या खोलीच्या दाराला आतून बसवली आणि बाजूला झाले. "जा, बस."

आत्या आत गेली. कडी लागली. आम्ही दोघं बाहेर उभे. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "जमीनदार, कुणी येत नाहीये रे."