पडद्यावरचा वर्ग

प्रोजेक्टर तापला की जळक्या धुळीचा वास येतो, आणि मला गारगोटीच्या शाळेतली ती पालकसभा आठवते. मुलांना घरी बघायला धड्यांचे व्हिडिओ कसे बनवायचे, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मी दोन नमुने केले होते. एकात फक्त संगणकाचा स्क्रीन आणि माझा आवाज, दुसऱ्यात मोबाईल स्टँडवर लावून टिपलेला गणिताच्या सरांचा अख्खा तास. पहिल्याला पालकांनी जांभया दिल्या. दुसरा लागला आणि सगळे सरसावून बसले, आपली पोरं दिसत होती ना! एवढ्यात पडद्यावर सरांनी एका पोराच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याचं डोकं बाकावर आपटलं. स्टाफरूममध्ये आम्ही हे आधी बघितलं होतं, पण बोललो होतो फक्त आवाज नीट आलाय का यावर. मागून त्या पोराचा बाप उठला. हा आता पुढं बसलेल्या सरांच्या अंगावर जाणार, म्हणून मी दाराकडे सरकले. त्यानं शेजारी बसलेल्या पोराचीच गचांडी धरली आणि थोबाडीत हाणत सुटला. "साऱ्या गावाम्होरं मान खाली घालाय लावलीस की रं!" पोराचा ओठ फुटला, शर्टावर रक्त आलं, आणि पडद्यावर सर शांतपणे अपूर्णांक शिकवतच होते. मुख्याध्यापकांनी धावत येऊन वायर उपटली. "मॅडम, पहिलाच ठेवा," ते धापा टाकत म्हणाले, "त्यात माणसं दिसत न्हाईत." आज माझे धडे तालुकाभर बघतात. स्क्रीनवर आकडे, मागं माझा गोड आवाज. शेजारच्या वर्गातून फटक्याचा आवाज आलाच, तर तेवढा मी कापून टाकते.