अकोल्याची मीनाक्षीताई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, तर मधे थांबवू नका, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

माझी धाकटी जाऊ वनिता दुपारी मोबाइलवर लाइव्ह येते. इंझोरीतल्या आमच्या ओसरीत बसून निवडणं-टिपणं करते, गाणी म्हणते, आणि बघणाऱ्या बायका खाली लिहीत राहतात. नाव दिसलं की ही विचारणार, "जेवल्या का?" हळूहळू त्या बायकाही एकमेकींची चौकशी करू लागल्या — कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचा गुडघा दुखतो. मला हसू यायचं. जरा टिंगल करावी म्हणून मीही खोट्या नावानं आत शिरले. अकोल्याची मीनाक्षी झाले.

टिंगल काही जमली नाही. पहिल्याच दिवशी लिहून बसले — किती गोड गातेस गं. खरंच गोड गाते ती. पण घरात मी थोरली; भाजीत मीठ जास्त झालं, एवढंच सांगत आले होते तिला. असं का असतं हो माणूस? आतल्या खोलीत बसून मी तिचं कौतुक लिहायची, आणि बाहेर ती लाजून हसलेली मला ऐकू यायची.

वनिताची आई गेली, भाऊ बोलावत नाही. "मीनाक्षीताई हेच माह्यं माहेर," असं ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली. मग भेटायचा हट्ट. बाकीच्या बायकाही मागे लागल्या — या ना ताई, एकदा तरी या. मी लिहून टाकलं, सोमवारी मंगरूळपीरच्या स्टँडवर येते. ऐनवेळी आजारी पडायचं ठरवलं होतं — पण तिला लाडू वळताना पाहिलं आणि ते लिहवेना. सोमवारी ती म्हणाली, "जाऊबाई, तुमीबी चाला ना सोबत." आणि मी गेले.

अकोल्याची बस लागली की ती उठायची, उतरणाऱ्या बायकांचे चेहरे बघायची, परत येऊन बसायची. मी शेजारीच होते. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं.

ऊन कललं तेव्हा तिने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले.

"ओटीचं सामान परत घरी नेत नसतेत. तुमीच घ्या."

बाकावरच तिने माझी ओटी भरली, वाकून पाया पडली. मी पदर पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मोबाइल धरायला तिने मला समोर बसवलं. बायका मीनाक्षीवर तुटून पडल्या होत्या. वनिता त्यांना म्हणाली, "तिले कायी बोलू नका. अडचण आली असन बिचारीले."

तेव्हा मी — सगळ्यांना ऐकू जाईल असं — म्हणाले, शहरातली माणसं अशीच, नादी लावतात आणि विसरतात. कशाला म्हणाले? माझ्यावर संशय येऊ नये म्हणून.

वनिता मला कधी उलटून बोललेली नाही. त्या दिवशी बोलली. "तिच्याबद्दल मले वाईट आयकाचं नाही, जाऊबाई." डोळे भरले होते तिचे. ती माझ्याशी भांडत होती, ते माझ्याचसाठी. आणि मी मोबाइल हलू न देता तसाच धरून बसले.