अळीचं वांगं

वाशीच्या आठवडी बाजारात एक म्हातारे गृहस्थ नेहमी दिसतात. त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. सगळे तुकतुकीत वांगी निवडतात, हे मात्र किडकी शोधत फिरतात. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "अळी जगली म्हंजी फवारा न्हाय. मंग आपुन बी जगू."

हळूहळू आम्हीही किडकीच मागू लागलो. परवा भाजीवालीनं भोकं असलेली वांगी वेगळी मांडली आणि वर पुठ्ठा लावला, 'सेंद्रिय'. मी पिशवी भरून घेतली. म्हाताऱ्यांनी एक वांगं मोडलं, मग दुसरं. आत पांढरंशुभ्र.

"बाई, भोकं दाभणानं पाडल्यावानी सुबक हायती. अळी कुठं गेली?"

उत्तराची वाट न बघता ते पुढं निघून गेले.

घरी पहिलं वांगं चिरताना मी पुटपुटलो, "आई भवानी, अळी निघू दे."